मोरस बेटावरचे आपले सोयरे



माझी आजी साखरेला साखर म्हणत नसे, मोरस म्हणत असे. घरात रोजच्या चहाला गूळ चाले. पाहुणे आले म्हणजे ती फडताळातला डबा काढी आणि सांगे, “आज मोरस घाला.” तोपर्यंत साखर आपल्याच महाराष्ट्रातल्या कारखान्यांतून येऊ लागली होती, पण आजीच्या तोंडचा शब्द जुना होता, तो बदलला नाही. मोरस म्हणजे पांढरी, स्वच्छ, दाणेदार साखर, एवढेच आम्हांला ठाऊक. हे एका बेटाचे नाव आहे, त्या बेटावर कोकणातली माणसे राबली आहेत आणि त्यांची नातवंडे-पणतवंडे आजही तेथे नांदत आहेत, हे आम्हांला ना घरात कोणी सांगितले, ना शाळेत. पुढे मी स्वतः शाळामास्तर झालो, तीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला. पण मीही ते कधी सांगितले नाही. आज त्या चुकीची थोडी भरपाई करण्यासाठी आपल्यापुढे उभा आहे.

ते बेट म्हणजे मॉरिशस. माझी भाची नवऱ्याच्या नोकरीनिमित्त काही वर्षे तेथे आहे. “मामा, नाताळच्या सुट्टीत या, थंडी टळेल,” असा तिचा दर वर्षीचा आग्रह. अखेर एका डिसेंबरात मी मुंबईहून विमानात बसलो आणि सहा तासांत तेथे उतरलो. घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागले, आणि ऋतू तर पार उलटा झाला. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस. आपला हिवाळा तो तेथील उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात फुलणारा गुलमोहर तेथे डिसेंबरात लालभडक फुलला होता आणि शाळांना मोठी सुट्टी लागली होती. सुट्टीत भाचरांनी मामाच्या गावी जावे ही आपली जुनी रीत. येथे मामाच भाचीच्या गावी गेला होता. स्वेटर पिशवीतच राहिला. विसावा घ्यावा, समुद्र पाहावा, नातवंडांना गोष्टी सांगाव्या, यापलीकडे माझा काही हेतू नव्हता.

पण पहिल्याच दिवशी विमानतळावरून घरी जाताना मी जावईबापूंना गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाची शेते होती आणि त्या शेतांच्या कडेला काळ्या दगडांचे गडगे. चुना नाही, सिमेंट नाही; दगडावर दगड बसवून, फटीत चिप घालून रचलेला गडगा. हा आपल्या वाडीतला, आपल्या परसातला. मी उतरलो, दगड हातात घेतला. तोच काळा रंग, तीच लहान लहान छिद्रे. तळगडाची वाट चढताना जो दगड पायाला लागतो, त्याचा सख्खा भाऊ वाटावा असा.

पुढे कळले की भाऊ हा शब्द मी नुसता हौसेने वापरला नव्हता. भूगर्भशास्त्रज्ञही फार वेगळे सांगत नाहीत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या या भूमीखाली पृथ्वीच्या पोटातून तप्त रसाचा मोठा लोंढा वर आला. जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा थरांवर थर पसरत गेला. त्यातून दख्खनचे पठार झाले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर तो काळा पाषाण पसरलेला आहे. सह्याद्रीचे कडे, रायगड, घोसाळगड, आपला तळगड हे सारे त्याच थरांचे कोरलेले अवशेष. भारताची भूमी त्या काळी उत्तरेकडे सरकत होती आणि पोटातली चूल मात्र बरीचशी जागच्या जागी राहिली. चुलीवरून भाकरी सरकवावी तशी भूमी पुढे गेली, आणि मागे त्या चुलीवर समुद्रात नवी नवी बेटे उठत राहिली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही रांग ज्या समुद्राखालच्या डोंगरावर उभी आहे तो असाच घडला. मॉरिशस त्या मानाने अगदी अलीकडचे, सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वीचे. त्याच्या नैर्ऋत्येला सुमारे दोनशे किलोमीटरवर फ्रेंचांचे रेयुनियों बेट आहे. तेथे ती चूल अजून पेटलेली आहे. तेथील ज्वालामुखी आजही अधूनमधून लाव्हा ओकतो.

मॉरिशसचा अग्नी आता शांत आहे. क्यूरपिप गावात ज्वालामुखीचे जुने तोंड आहे. सुमारे ८० मीटर खोल, आत झाडी माजलेली आणि तळाशी थोडे पाणी. काठावर लोक सकाळी फिरायला येतात. दुसऱ्या एका विवरात सरोवर झाले आहे. त्याला तेथील हिंदू गंगा तलाव म्हणतात आणि महाशिवरात्रीला हजारो माणसे कावडी घेऊन पायी तेथे जातात. त्या काठावर उभा असताना मला तळगडावरची खडकात खोदलेली पाण्याची टाकी आठवली. अग्नीने घडवलेल्या दगडात माणसाने पाणी धरून ठेवायचे, ही विद्या दोन्हीकडे सारखीच.

समुद्र आपल्याला नवा नाही. येथून जवळच कुड्याची लेणी आहेत, सव्वीस. याच काळ्या पाषाणात कोरलेली. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत महाभोज घराण्यातील माणसे आहेत, तसा माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. जवळचे मांदाड त्या काळी नांदते बंदर होते. राजपुरीच्या खाडीतून गलबते बाहेर पडत आणि पश्चिमेकडचा माल आत येई. ज्या माळ्याने लेण्याला दान दिले त्याचे नाव दोन हजार वर्षांनी आपण वाचू शकतो, कारण ते दगडावर कोरलेले आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्याशी काम आहे.

पुढे राज्ये आली आणि गेली. शिवाजीमहाराजांनी १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे थोडे किल्ले आपल्याकडे राखले त्यांत तळगड होता. १८१८ साली इंग्रजांच्या प्रॉथरने तो घेतला आणि कोकणावर कंपनीचा अंमल बसला. त्याच सुमारास, म्हणजे आठ वर्षे आधी, १८१० मध्ये, इंग्रजांनी फ्रेंचांकडून मॉरिशस घेतले होते. तळा आणि मोरस ही दोन्ही ठिकाणे अशी थोड्या अंतराने एकाच सत्तेखाली आली, आणि त्यातूनच आपली आजची कथा सुरू होते.

त्या बेटावर मूळची वस्ती नव्हती. डच आले, त्यांनी १५९८ मध्ये आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाला नाव दिले आणि पुढे जावाहून ऊस नेऊन लावला. फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणून मळे वाढवले. इंग्रजी अमलात १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना प्रश्न पडला की आता ऊस तोडायचा कोणी? उत्तर त्यांनी आधीच शोधून ठेवले होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात लागले. तेथून पुढे विसावे शतक उजाडेपर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या धक्क्यावर उतरली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही निघण्याची तीन बंदरे. मुंबईचा वाटा तिघांत लहान. पण त्या वाट्यातली पुष्कळ माणसे आपल्या कोकणपट्टीतली, त्यांतही रत्नागिरीकडची अधिक.

माणसे का गेली? कोणी म्हणेल, फसवून नेली. फसवणूक झाली हे खरे. दलालांनी काय काय थापा मारल्या असतील त्याचा हिशोब नाही. पण नुसत्या थापेने माणूस समुद्र ओलांडत नाही. त्या काळचे कोकण डोळ्यांपुढे आणा. खोताची जमीन, कुळाचे कष्ट. पावसात भात, वरकसावर नाचणी-वरी, आणि पीक हाती आले की खोताचा वाटा आणि सावकाराचे व्याज. होळीनंतर घरात दाणा नाही. अशा वेळी मुंबईला गेलेल्या माणसाला कोणी सांगितले, पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ-डाळ आणि कापड, तर ते त्याला राज्यच वाटले असणार. तो करार म्हणजेच आपल्या लोकांच्या तोंडचे ‘गिरमिट’. अंगठा उठला की माणूस बांधला गेला.

तेथे पोचल्यावर जे भोगावे लागले ते सरकारी कागदांतच लिहिलेले आहे. एक दिवस कामावर गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापीत. मळ्याबाहेर पास नसता सापडला तर माणूस भटक्या ठरून तुरुंगात जाई. १८६७ च्या कायद्याने गिरमिट संपलेल्या माणसालाही आपले छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. १८७१ साली नऊ हजारांहून अधिक लोकांनी गव्हर्नराकडे अर्ज केला. तो अर्ज लिहिण्यास आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याने मदत केली. त्याबद्दल त्याच्याच जातभाईंनी त्याला मारहाण केली. पुढे चौकशीसाठी शाही आयोग आला आणि त्याच्या १८७५ च्या अहवालाने बरेच काही उघडे पाडले. असे असूनही आलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माणसे परत फिरली नाहीत.

उसाच्या शेतांच्या मधोमध मी दगडांचे मोठाले ढीग पाहिले. काही तर दुमजली घराएवढे. दुरून एखादे देऊळ वाटावे. भाचीच्या मुलाने विचारले, “आजोबा, हे कोणी बांधले?” जमीन ज्वालामुखीची, नांगर लागण्याआधी दगड वेचावे लागत. आधी गुलामांनी, मग गिरमिटियांनी, एकेक दगड हाताने उचलून बाजूला रचला. डोक्यावर ऊन, मागे मुकादम. कोकणी माणसाला दगडाचे काम सांगावे लागत नाही. शेतातला दगड काढावा आणि त्याचाच गडगा घालावा हे तो आईच्या पोटातून शिकून येतो. मी मुलाला म्हटले, “बाळा, आपल्या गावच्या दगडाला आपल्या गावच्या हातांनी येथे पुन्हा भेट दिली आहे.” त्याला ते किती कळले ठाऊक नाही.

पोर्ट लुईच्या बंदरात ती जुनी उतरण्याची जागा अजून आहे. तिला आता आप्रवासी घाट म्हणतात; २००६ पासून ती जागतिक वारसा म्हणून नोंदलेली आहे. समुद्रातून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या, स्वयंपाकघराच्या भिंती, दवाखान्याची खोली. जागा फार मोठी नाही. त्या पायऱ्यांवर उभे राहिलो तेव्हा मनात आले की येथे पाऊल ठेवणाऱ्याने खाली पाहिले असेल, तर त्याला आपल्या घाटावरच्या पायरीसारखाच काळा दगड दिसला असेल. बाकी सारे परके. भाषा, झाडे, धनी. फक्त पायाखालचा दगड ओळखीचा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे व्याख्यान मागून घेतले ती सांगतो.

भाचीच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. वय ऐंशीच्या पुढे. घरात बोलणे क्रिओल भाषेत, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या तेथील लोकभाषेत. मराठी त्यांना थोडी येते. थांबत थांबत, एकेक शब्द आठवून बोलतात. भाची मला मामा म्हणते हे त्यांनी ऐकले आणि दुसऱ्या दिवसापासून त्याही मला मामा म्हणू लागल्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असून! मला हसू आले. मग लक्षात आले की त्यांच्या दृष्टीने मी माहेराकडून आलेला माणूस होतो. माहेरच्या माणसाला आणखी काय म्हणायचे?

एके सायंकाळी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. मोका गावी महात्मा गांधी संस्था आहे. १९७० साली भारत आणि मॉरिशस यांनी मिळून ती स्थापिली. गिरमिटियांच्या नोंदीच्या जुन्या वह्या तेथे जपून ठेवल्या आहेत. बाईंनी आपल्या पणजोबांच्या नोंदीची नक्कल तेथून मिळवली होती. मी वाचू लागलो. नोंदीचा क्रमांक. नाव. बापाचे नाव. वय बावीस. उंची फूट-इंचांत. अंगावरची खूण: डाव्या भुवईवर व्रण. निघाला मुंबईहून. जिल्हा कुलाबा. गाव वावे.

श्रोतेहो, कुलाबा म्हणजे आपलाच जिल्हा. रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळाले. आणि वावे! बाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. त्यांनी विचारले, “मामा, हे गाव तुमच्या जवळ?” मी काय सांगणार? आपल्या जिल्ह्यात वावे नावाची गावे एक नाही, कितीतरी आहेत. एक तळ्याजवळही आहे. शिवाय लिहिणारा गोरा कारकून. त्याने कानाला लागले तसे लिहिले. ते ‘वावे’ असेल, ‘वाव’ असेल किंवा आणखी काही असेल. मी म्हटले, “जवळ असू शकेल. चौकशी करून कळवतो.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तिथे पाऊस कधी येतो?” मी सांगितले, जूनमध्ये, मृगाला. त्यांनी मान हलवली. जणू एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

परत आल्यावर मी खरोखर हिंडलो. दोन वाव्यांत मी स्वतः गेलो, तिसऱ्यात माझा एक जुना विद्यार्थी गेला. देवळात बसलो, म्हाताऱ्या माणसांना विचारले. मोरसला कोणी गेल्याचे ऐकले आहे का? साखर सर्वांना आठवली, माणूस कोणालाच आठवला नाही. एक आजोबा म्हणाले, “मास्तर, मुंबईस गेलेला परत आला नाही तर वर्ष-दोन वर्षे वाट बघायची. मग देवाला सांगून मोकळे व्हायचे.” जुन्या दप्तरांत पाहावे म्हटले, तर दप्तरात नाव जमीनवाल्याचे. ज्याच्या नावावर वीतभर वरकस नव्हती, खोताच्या जमिनीवर जो राबत होता आणि एका उन्हाळ्यात निघून गेला, त्याला आपल्या कोणत्या वहीत जागा मिळणार?

हे सारे मला फार लागले. ज्या परक्या सत्तेने त्याला मजूर म्हणून मोजून नेले, तिने त्याच्या भुवईवरचा व्रणसुद्धा लिहून ठेवला. तिने तो मायेने लिहिला नाही. पळाला तर पकडता यावा म्हणून लिहिला. तरी त्या निष्ठुर नोंदीनेच आज चौथ्या पिढीच्या हाती पणजोबाचा चेहरा दिला. आणि आपण, ज्यांनी त्याला सोयरा म्हणायचे, आपल्याकडे त्याचे नावही नाही. कुड्याच्या लेण्यातल्या माळ्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले. दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या माणसाचे नाव गावाने तीन पिढ्यांत पुसले.

तेथे गेलेल्यांनी मात्र पुसले नाही. त्यांची नावे पाहा. कारकुनाने बापाचे नाव पुढे आडनाव म्हणून लिहिले आणि तेच घराण्याला चिकटले. म्हणून आज तेथे सखाराम, बाबाजी, रामजी ही आडनावे आहेत, आणि लिहिण्याची रीत फ्रेंच वळणाची. त्या माणसांच्या पहिल्या नावात कधी फ्रेंच डौल असतो, पण मागे एखादा कोकणचा बाबाजी उभा असतोच. भिवाजी घराण्याने १८९६ साली हेन्रिएटा गावी गणपती बसवला, तेव्हापासून त्या घरी परंपरा अखंड चालली आहे असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. गणेशोत्सवानिमित्त त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. गोंधळ घातला जातो. आणि ज्याला ते झाकरी म्हणतात तो नाच म्हणजे आपली जाखडीच. गोल धरून, पाय आपटून, मध्ये ढोलकी. भाचीने मला त्याचे चलच्चित्र दाखवले. शब्दांचे उच्चार फिरलेले आहेत, पण पाय चुकलेले नाहीत. आपल्या वाडीतला कोणताही पोरगा त्या फेरात शिरला तर त्याला कोणी पाहुणा म्हणणार नाही. शाळांतून मराठी शिकवली जाते. २०२३ च्या एप्रिलमध्ये तेथील महाराष्ट्र भवनात शिवाजीमहाराजांचा पुतळाही उभा राहिला.

जगात दुसरीकडे याच्या नेमकी उलट गोष्ट घडली आहे, तीही एका अग्निबेटावर. दक्षिण अटलांटिक महासागरात त्रिस्तान द कुन्हा नावाचे एकाकी बेट आहे. १९६१ च्या ऑक्टोबरात तेथे वस्तीशेजारीच ज्वालामुखी फुटला. सारी वस्ती, अडीचशेच्या वर माणसे, बोटीने इंग्लंडला नेण्यात आली. तेथे त्यांना घरे मिळाली, नोकऱ्या मिळाल्या. पण इंग्लंडचा हिवाळा, सर्दी-खोकला आणि गर्दीतले एकटेपण त्यांना सोसेना. दोन वर्षांत, १९६३ मध्ये, बहुतेक सारे आपल्या त्या काळ्या खडकावर परतले. त्यांना परतता आले, कारण ते सगळे एकत्र गेले होते आणि त्यांचे गाव त्यांच्याच आठवणीत होते. आपला वावेकर एकटा गेला. त्याच्या मागे गाव राहिले, पण गावाच्या आठवणीत तो राहिला नाही. माणूस दूर जातो तेव्हा नाते तुटत नाही. मागे राहिलेले विसरतात तेव्हा तुटते.

येथे मला पुन्हा आजीची साखर आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोरसची साखर मुंबईच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर येई. ती गलबतांतून, आगबोटींतून कोकणच्या बंदरांना पोचे आणि सणासुदीला आपल्या घरांत उतरे. १९०५ च्या स्वदेशीच्या लाटेत परदेशी साखर वर्ज्य ठरली; पुष्कळ घरांनी मोरस सोडून गूळ धरला. तो निर्धार थोर होता, त्याला मी नावे ठेवीत नाही. पण त्या वेळी कोणाच्या तरी मनात यायला हवे होते की ही साखर परक्या धन्याची असली, तरी तिच्यासाठी ऊस तोडणारा हात आपल्या वाडीतला असेल. त्या हाताचा रोष आपण कधी पाहिला नाही आणि त्याचा घामही. पाहुणचाराची गोडी तेवढी घेतली.

आता काळ बदलला आहे. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. दांडीयात्रेचा दिवस त्यांनी मुद्दाम निवडला. २०२४ च्या मार्चमध्ये भारत सरकारने जाहीर केले की भारतीय मूळ असलेल्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत भारताचे सागरपार नागरिकत्वपत्र मिळू शकेल. म्हणजे दार उघडले आहे. कागद हाती घेऊन आपले गाव शोधायला तेथील माणसे येतील, काही येऊही लागली आहेत. ती आपल्या दाराशी उभी राहून विचारतील, “आमचे पणजोबा या गावचे का?” तेव्हा आपण काय उत्तर देणार?

म्हणून माझे एक साधे मागणे आहे. प्रत्येक वाडीत, प्रत्येक भावकीत, जुन्या नावांची एक वही करावी. घराण्यात कोण कोण होते, कोण मुंबईस गेले, कोण परत आले नाही, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. देवळातल्या मानाच्या याद्या, लग्नाच्या जुन्या टिपणवह्या, ग्रामपंचायतीतले जुने कागद वाळवीच्या तोंडी जाण्याआधी उतरून घ्यावेत. गावांची, वाड्यांची जुनी नावेही लिहावीत. कारकुनाने वाकडी लिहिलेली नावे सरळ करायला तीच उपयोगी पडतील. यासाठी पैसा लागत नाही, इतिहासाची पदवी लागत नाही. एक शंभर पानी वही आणि म्हाताऱ्या माणसाजवळ बसण्याची सवड, एवढे पुरे. आणि हे केवळ मोरसला गेलेल्यांसाठी नव्हे. आपल्यापैकी कोणाचे घर आज असे आहे की ज्यातले कोणी मुंबईस, आखातात किंवा आणखी दूर गेलेले नाही? आज ज्यांना आपण फोनवर रोज पाहतो, त्यांच्या पणतवंडांनाही उद्या विचारावेसे वाटेल की आमचे वावे कोणते.

त्या बाईंना मी अजून नक्की उत्तर पाठवू शकलेलो नाही. गेल्या मृगाला पहिला पाऊस पडला तेव्हा मात्र भाचीला फोन करून सांगितले, “शेजारच्या आजींना सांग, पाऊस आला.” थोड्या वेळाने भाचीचा उलट फोन आला. त्या म्हणाल्या होत्या, “मामांना सांग, बरे झाले.”